चकतीवरचं पिवळं

"ही हळद आहे, शेलारबाई," कर्णिक सर म्हणाले आणि काचेची डबी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

डबीत आमची चकती होती. रुपयाच्या नाण्याएवढी, तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा. एरवी तिच्यात तोंड दिसावं इतकी लख्ख असायची. त्या दिवशी तिच्या मधोमध पिवळा डाग होता. पातळ, पण पिवळा.

"हळद?" मी म्हटलं. "हळद कुठून येईल?"

"ते तुम्ही सांगा. शनिवारी तुमच्या मुलीची हळद, रविवारी लग्न, आणि सोमवारी सकाळी तुम्ही येऊन ही चकती भांड्यात बसवलीत. आज आठ दिवसांनी बाहेर काढली तर ही अशी."

माझं टाळकंच सटकलं. बावीस वर्षं मी त्या भांड्याला हात लावत होते. बावीस वर्षांत एक डाग, एक ठसा कोणाला दिसला नव्हता. आणि हा माणूस, ज्याला येऊन धड दोन वर्षं झाली नव्हती, तो मला हळद ओळखायला शिकवत होता.

आमचं हे काम होतं तरी काय, ते सांगते. टेकडीवरच्या त्या संस्थेत एक पोलादी भांडं होतं, दुधाच्या दोन कॅनांएवढं. साहेब लोक त्याला चेंबर म्हणायचे, मी भांडंच म्हणायची. त्यातली हवा उपसून उपसून इतकी काढायची की आत जवळपास काही उरायचंच नाही. मग आतली चकती गार करायची, शून्याखाली दोनशे साठ अंशांच्याही पलीकडे. त्या चकतीवर पाण्याची, अमोनियाची आणि मिथेनॉलची वाफ अगदी थोडी थोडी सोडायची. तिचा बर्फ धरायचा. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धुळीच्या कणांवर असाच बर्फ धरतो म्हणे. त्यावर अतिनील दिवा लावायचा, म्हणजे ताऱ्याचा उजेड. मग चकती हळूहळू तापवायची आणि बर्फ उडून गेल्यावर मागं काय नवीन तयार झालंय ते बघायचं. तिकडे वर जे व्हायला लाखो वर्षं लागतात, ते आम्ही आठवड्याभरात उरकायचो. आधी दिवा सहा तास लावायचो. या वेळी पहिल्यांदाच सलग तीन दिवस लावला होता.

"सर," तेजल म्हणाली. तेजल वाकचौरे, संगमनेरची पोरगी. या प्रयोगावरच तिची पीएच.डी. होती. "बाहेरच्या लोकांनी लिहिलंय की दिवा जास्त वेळ ठेवला तर उरणारा साका पिवळसरच असतो."

"पिवळसर तपकिरी, तेजल. हा पिवळाजर्द आहे. आणि तुझ्या यंत्रावर अमायनो आम्ल दिसतंय. ते माणसाच्या घामात असतं, बोटांवर असतं. घाम आणि हळद, दोन्ही एकाच जागी. आणखी काय पुरावा हवा?"

"पण सर, तेच तर आपण शोधत होतो! बर्फातून अमायनो आम्ल!"

"शोधत होतो म्हणून सापडलं असं नसतं. पुढच्या शुक्रवारी आपलं काम तपासायला समिती येतेय. त्यातल्या एकानं जरी विचारलं, की हे पिवळं काय, तर मी काय सांगू? लग्नघर?"

मग त्यांनी कागद काढला. इंग्रजीत टाइप केलेला. वाचता मला येत होतं, पण रागानं अक्षरं दिसेनात, म्हणून तेजलकडे दिला. तिनं हळू आवाजात सांगितलं, की श्रीमती मंदाकिनी शेलार, तंत्र सहायक, यांनी घरच्या समारंभानंतर हळदीच्या हातांनी चकती हाताळली आणि प्रयोग दूषित झाला, हे त्यांना मान्य आहे.

"सही करा," कर्णिक सर म्हणाले. "मी समितीला सांगेन, मानवी चूक झाली, त्या व्यक्तीला तिथून हलवलंय. विषय संपला."

"हलवलंय म्हणजे?"

"भांडार विभागात. पगार तोच राहील. त्रास काहीच नाही तुम्हाला."

त्रास काहीच नाही! कागदाचे गठ्ठे आणि फिनेलच्या बाटल्या मोजायला बसायचं, आणि ज्या भांड्याचा एकेक नट मला नावानिशी माहीत होता त्याच्यासमोरून रोज जायचं. वर फायलीत कायमचं लिहिलेलं, की ही बाई घाणेरड्या हातांची.

एक गोष्ट अगदी जिभेवर आली होती. ती बोलले असते तर तिथंच प्रकरण मिटलं असतं. पण ती घरातली गोष्ट होती, असल्या माणसापुढे काढायची नव्हती. मी गिळली.

"मी सही करणार नाही," एवढंच म्हटलं.

"मग चौकशी बसेल."

"बसू दे की. मी काय कोणाची मिंधी आहे?"

त्या संध्याकाळी घरी वैजूचा फोन आला. माझी वैजयंता, एकुलती एक. नगरला दिली होती तिला. आवाजात नवी नवलाई होती. सासरचं घर कसं, सासूबाई कशा, सगळं सांगून झालं आणि मग मधेच म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं राहिलं. हळदीला मी डोळे मिटून बसले होते ना, सगळ्या बायका गाल चोळत होत्या, कोण कुठली काही कळत नव्हतं. पण तुझा हात लागला आणि लगेच ओळखला मी. खरखरीत. तेव्हा जे रडू आलं ना मला..."

"जावईबापू जेवले का गं?" मी विचारलं.

"आई, मी काय सांगतेय!"

"ऐकलं गं बाई. गॅसवर दूध आहे माझं," म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी प्रयोगशाळेत गेले तर तेजल फ्रीजमध्ये डोकं घालून बसली होती. बाहेर आली ती हातात एक बारकी काचेची कुपी घेऊन. "बाई, हे बघा. गोडबोले सरांच्या वेळचं."

गोडबोले सर म्हणजे आमचे जुने सर, ही प्रयोगशाळा त्यांनी उभी केलेली. मी आय.टी.आय. करून चोवीस वर्षांची इथं आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला बसवून नियम सांगितले होते. भांडं उघडायच्या आधी आठ दिवस डोक्याला तेल नाही. हाताला व्हॅसलीन नाही. गजरा नाही, पावडर नाही, कुंकू टिकलीचं. हातमोजे दोन जोड घालायचेच, पण मोज्यांच्या भरवशावर राहायचं नाही. बाई, बोटाचा एक ठसा म्हणजे आपल्या आठवड्याच्या कामावर माती, असं म्हणायचे. मी ते सगळं पाळलं. हात पुसायच्या ॲसिटोननं माझ्या तळहाताची पार सालटं निघाली. आमचे हे गमतीनं म्हणायचे, तुझ्या हातावर वांगं किसता येईल.

"यात मिथेनॉलच आहे," तेजल म्हणाली, "पण त्यातला कार्बन जड आहे. कार्बनच, फक्त वजनाला किंचित जास्त. हळदीतला कार्बन साधा, घामातलाही साधा. आपण हे मिथेनॉल वापरून सगळं पहिल्यापासून करायचं. अमायनो आम्ल जर हातातून आलं असेल तर त्याचं वजन येईल पंचाहत्तर, मागच्यासारखंच. आणि बर्फातून झालं असेल तर त्यात दोन्ही कार्बन जड असतील. मग सत्त्याहत्तर."

"दोनच आकड्यांचा फरक?"

"दोन पुष्कळ झाले, बाई. यंत्राला अर्धा कळतो."

आम्ही दोघी कर्णिक सरांकडे गेलो. ते आधी नाहीच म्हणाले. मग तेजलनं कॅलेंडर पुढं केलं: आज बंद केलं तर पुढच्या गुरुवारी निकाल हातात, समिती शुक्रवारी. त्यांनी चष्मा काढला, घातला.

"करा. पण पंचाहत्तर आलं तर त्या कागदावर सही. तिथंच, त्याच क्षणी."

"आणि सत्त्याहत्तर आलं तर?" मी विचारलं.

ते फोनवर कोणाचा तरी नंबर फिरवायला लागले.

भांडं बंद करायला मी उभी राहिले तेव्हा सर स्वतः खाली आले. मागोमाग दोन विद्यार्थी, वर्कशॉपचा ढमढेरे, आणि दारात शिपाई. तमाशाच. मी हात धुतले, ॲसिटोननं पुसले, मोज्यांकडे वळले, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. हात दाखवा."

"काय?"

"हात दाखवा, बाई. या वेळी मला खात्री हवीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेतसुद्धा माझी नखं कोणी तपासली नव्हती. वाटलं, हातातला पाना टेबलावर आदळावा आणि चालू पडावं. तेजलनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची तीन वर्षं त्या चकतीवर होती, आणि त्या घोळक्यात भांडं बिनगळतीचं बंद करणारं दुसरं कोणी नव्हतं. मी हात पुढं केले. उलटे केले, सुलटे केले. त्यांनी वाकून एकेक नख बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"आता तुमचे दाखवा," मी म्हटलं.

ढमढेरे खोकला. सर न ऐकल्यासारखं करून वर निघून गेले.

मग मी काम केलं. हवा आत शिरू नये म्हणून तांब्याची कोरी चकली, म्हणजे वॉशर, दोन कडांच्या मधे बसवायची, बारा बोल्ट, एक आवळला की समोरचा, अर्धा अर्धा फेरा, एका बाजूनं भरभर आवळलं की वाट लागते. बावीस वर्षं केलेलं काम, पण त्या दिवशी दात आवळून केलं. पंप सुरू झाले. आतला ओलावा जावा म्हणून दोन दिवस भांडं शेकलं, मग गार केलं, बर्फ धरला, दिवा लावला. तेजल तीन दिवस दिव्याजवळून हलली नाही, डबा मी नेऊन द्यायची. या सगळ्या दिवसांत कोणी सरळ बोलेना. कॅन्टीनमध्ये मी गेले की बायका एकमेकींकडे बघायच्या. स्टोअरच्या कारकुनानं तर विचारलंही, "शेलारबाई, आमच्याकडे येताय म्हणे?" मी त्याला असा काही झापला की पुढं महिनाभर तो मला टाळत होता.

गुरुवारी सकाळी चकती बाहेर काढली. सर, तेजल आणि मी. मी चिमट्यानं उचलून डबीत ठेवली.

पिवळी. मागच्यापेक्षा जरा जास्तच पिवळी.

"या वेळी कोणाचं लग्न होतं, सर?" मी विचारलं.

ते गोरेमोरे झाले. "मागचीच हळद भांड्यात उरली असेल. वजन बघू आधी."

तेजलनं चकती यंत्रात घातली. पडद्यावर रेघ सरकायला लागली. सत्तर. बहात्तर. पंचाहत्तरवर आली आणि सपाट पुढं गेली. शहात्तर, सपाट. सत्त्याहत्तरवर ताडकन वर चढली, पार पडद्याच्या काठापर्यंत.

तेजलनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि पोरगी हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले असते, पण राग इतका होता की रडू फिरकेना.

कर्णिक सरांनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. मग एकदम हसले. "उत्तम! अप्रतिम! उद्या समितीला हेच दाखवायचं. जड कार्बनची कल्पना आपण मुद्दामच राखून ठेवली होती असं म्हणू. तेजल, आलेख मोठा छाप." आणि जाता जाता मला, "तो कागद फाडून टाका हं, बाई. संपला विषय."

"असा कसा संपला?" मी म्हटलं. "समितीला तुम्ही कळवलंय ना माझं?"

ते दारात थांबले. "अध्यक्षांना थोडी कल्पना दिली होती मेलवर. आता निकालच बोलेल. कोण विचारतंय हळदीचं?"

"मी विचारतेय! तुम्ही लिहिलंत की माझे हात हळदीचे होते. आता लिहा की नव्हते. तसंच, कागदावर, सहीशिक्क्यानिशी."

"बाई, हे विज्ञान आहे. माणसांच्या हातांवर प्रमाणपत्रं देत नाही आपण."

"मागच्या बुधवारी देत होतात की!"

"आवाज खाली करा. आणि नव्हतेच असं मी कशावरून लिहू? मुलीची हळद होती. आई आहात तुम्ही. हळद लागणारच हाताला, निकाल काही का असेना."

तिथं माझा बांध फुटला. जी गोष्ट नऊ दिवस गिळून ठेवली होती ती भडाभडा बाहेर आली.

"नव्हती लागली! मी माझ्या पोरीला हळद लावलीच नाही! काय विचारलं होतं मी तुम्हाला लग्नाच्या आधी? की सोमवारऐवजी पुढच्या शुक्रवारी भांडं बंद करू या, नखांतली हळद आठवडाभर जात नाही. काय म्हणालात? लग्न रविवारी आहे ना, मग सोमवारी काय अडचण, भांडं गार करायचं हेलियम येऊन पडलंय. मग मी काय करणार होते? नवरदेवाकडची उष्टी हळद आली, सगळ्या बायका पाटाभोवती जमल्या, आणि मी तिची आई, मी भिंतीला टेकून हात पदराखाली धरून उभी राहिले. माझ्या बहिणीला पुढं केलं. एकुलती एक पोरगी, सर! त्या तुमच्या भांड्यापायी मी तिच्या गालाला बोट लावलं नाही. आणि तुम्ही चारचौघांत माझी नखं बघता?"

तेजलनं तोंडावर हात धरला. सर दारातून परत आत आले. मग हळूच म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कोण माझे, सांगायला? लिहिताय की नाही तेवढं बोला. नाहीतर उद्या समितीसमोर भांडं तुम्ही उघडा आणि तुम्हीच बंद करा."

लिहिलं त्यांनी. लिहावंच लागलं. पण माणूस मोठा हुशार. दुसऱ्या दिवशी समितीसमोर तेच पत्र स्वतः उभं राहून वाचलं, आवाजात कंप आणून. आमच्या प्रयोगशाळेची शिस्त काय आहे बघा, म्हणाले. समितीनं टाळ्या वाजवल्या. पत्राची एक प्रत नोटीस बोर्डावर लागली, एक मला मिळाली. माझ्या रागात तोंडून निघालेली गोष्ट त्यांनी फुलासारखी कोटाला खोचली. तरी मी म्हटलं, जाऊ दे मेलं, नाव तर साफ झालं.

पत्र मी घरी कपाटात साड्यांखाली ठेवलं. आमच्या ह्यांना फक्त एवढंच सांगितलं, की सरांनी चांगलं लिहून दिलंय, प्रकरण मिटलं.

त्याच रविवारी वैजू आणि जावई जेवायला आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी सकाळपासून राबत होते. पुरी, बटाट्याची भाजी, बासुंदी. पानं मांडली, वैजू हसत होती, जावई लाजत लाजत दुसरी वाटी घेत होते. आणि आमचे हे, एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला भोळा माणूस, यांना कुठून सुचलं कोण जाणे, उठून कपाट उघडलं आणि पत्र घेऊन आले.

"बघा जावईबापू, तुमच्या सासूबाई काय चीज आहेत!"

"अहो, ठेवा ते. जेवू द्या त्यांना," मी म्हटलं.

"अगं, चांगलं आहे म्हणालीस ना? मग कळू दे की लेकीला." आणि त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग त्याचं मराठी करायचं. श्रीमती शेलार यांच्यावरचा आरोप निराधार होता. त्यांचे हात संपूर्ण स्वच्छ होते. पुढचं वाक्य त्यांनी आधी इंग्रजीत वाचलं, आणि मराठी करता करता त्यांचाच आवाज बसत गेला. "कामाच्या शिस्तीसाठी त्यांनी... स्वतःच्या मुलीच्या... हळदीलाही हात लावला नव्हता."

ह्यांनाही ते माहीत नव्हतं. ते मांडवात पाहुण्यांचं बघत होते त्या वेळी.

वैजूनं हातातला पुरीचा घास ताटात ठेवला.

"मग माझ्या गालावर हात कोणाचा होता?" तिनं विचारलं.

मी बासुंदीचं पातेलं खाली ठेवलं. बेबी, माझी धाकटी बहीण, सासवडला खानावळ चालवते. दिवसाला शंभर भाकऱ्या थापते. तिचेही हात खरखरीतच.

"बेबीमावशीचा," मी म्हटलं.

"ती माझ्या कानात म्हणाली होती, ही बघ गं तुझी आई."

"मीच सांगितलं होतं तिला तसं म्हणायला."

वैजू उठली. मोरीत जाऊन हात धुतला, पर्स उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." जावई बिचारे भरल्या ताटावरून उठले. आमचे हे पत्राची घडी घालत राहिले. मी पायऱ्या उतरून तिच्या मागं धावले. "वैजू, अगं ऐक तरी! सोमवारी भांडं बंद करायचं होतं, सर ऐकेनात, मी काय करणार होते?"

ती फाटकाशी थांबली. रडत नव्हती. राग आला की ती रडत नाही, माझ्यावर गेलीय. मी जवळ गेले आणि तिच्या गालाला लावायला हात वर केला.

तिनं तोंड मागं घेतलं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.